प्रा. सी. एस. शेषाद्री : गणित-संशोधन आणि पदवी-शिक्षण यांच्यातील दुव्याचा इतिहास

प्रस्तावना

भारतातील आधुनिक गणिताचा इतिहास सामान्यतः दोन प्रकारे मांडला जातो. एका मांडणीत श्रीनिवास रामानुजन यांच्यासारख्या असामान्य प्रतिभेच्या व्यक्ती केंद्रस्थानी असतात. दुसरीत स्वातंत्र्याच्या सुमारास उभ्या राहिलेल्या संशोधन संस्था. या दोन्ही मांडणींत महाविद्यालयाला फारसे स्थान मिळत नाही. विद्यार्थी तेथून आला एवढाच उल्लेख होतो आणि कथन पुढे सरकते. प्रस्तुत लेखात प्रा. कांजीवरम श्रीरंगाचारी शेषाद्री (१९३२–२०२०) यांच्या कारकिर्दीचा आणि संशोधनाचा आढावा याच दुर्लक्षित बाजूने घेतला आहे. बैजिक भूमिती आणि निरूपण सिद्धांत ही त्यांची संशोधनक्षेत्रे होत. मद्रासमधील एका महाविद्यालयात त्यांची जडणघडण झाली, मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांचे प्रमुख संशोधन झाले, आणि उत्तरायुष्यात त्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एक संस्था उभी केली. संशोधन आणि पदवी-शिक्षण यांची भारतात झालेली फारकत हितावह ठरली काय, हा प्रश्न या तीन टप्प्यांच्या आधारे तपासणे हा या लेखाचा उद्देश आहे.

महाविद्यालयीन पार्श्वभूमी

शेषाद्री यांचा जन्म २९ फेब्रुवारी १९३२ रोजी कांचीपुरम येथे झाला. शालेय शिक्षणानंतर त्यांनी मद्रासच्या लोयोला महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९५३ मध्ये मद्रास विद्यापीठाची गणितातील बी. ए. ऑनर्स ही पदवी मिळवली. त्या काळी भारतीय विद्यापीठांतील गणिताचा अभ्यासक्रम बहुतांशी जुन्या केंब्रिज पद्धतीचा होता. कठीण उदाहरणे चातुर्याने सोडवण्यावर त्याचा भर असे. युरोपात १९३० नंतर बीजगणित, भूमिती आणि टोपॉलॉजी यांचे जे नवे रूप आकारास आले होते, त्याचा मागमूस पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळे.

लोयोला महाविद्यालयात मात्र परिस्थिती काहीशी निराळी होती. तेथे फादर शार्ल रासीन हे फ्रेंच जेझुइट धर्मगुरू गणित शिकवीत. त्यांनी पॅरिसमध्ये एली कार्तां या थोर भूमितिज्ञाच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध लिहिला होता आणि १९३७ मध्ये ते भारतात आले. आंद्रे वेल, आंरी कार्तां अशा नव्या पिढीतील फ्रेंच गणितज्ञांशी त्यांचा परिचय होता. फ्रान्समध्ये गणिताची जी पुनर्मांडणी चालू होती तिची माहिती त्यांच्यामार्फत मद्रासच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत असे. रासीन यांची कीर्ती स्वतःच्या शोधनिबंधांवर उभी नाही. कोणते पुस्तक वाचावे, कोणता विषय आज जिवंत आहे आणि पुढे कोठे जावे, हे त्यांनी होतकरू विद्यार्थ्यांना वेळेवर सांगितले. शेषाद्री आणि त्यांचे सहाध्यायी एम. एस. नरसिंहन (१९३२–२०२१) या दोघांनीही त्यांचे ऋण वेळोवेळी मान्य केले आहे. सी. पी. रामानुजम आणि राघवन नरसिंहन हे पुढे नामवंत झालेले गणितज्ञही याच महाविद्यालयाचे विद्यार्थी होत.

मुंबईतील संशोधन-संस्कृती

१९५३ मध्ये शेषाद्री आणि नरसिंहन हे दोघेही संशोधक विद्यार्थी म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेतील गणिताचा प्रारंभही एका महाविद्यालयीन प्राध्यापकापासून झाला, ही बाब नोंदवण्यासारखी आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात बारा वर्षे अध्यापन करून या संस्थेत आले होते. १९४९ मध्ये के. चंद्रशेखरन तेथे आले आणि त्यांनी गणित विभागाला निश्चित स्वरूप दिले. गेटवे ऑफ इंडियाजवळील यॉट क्लबच्या जुन्या वास्तूत तेव्हा संस्थेचे कामकाज चाले; कुलाब्यातील आजच्या इमारतीचे उद्घाटन १९६२ मध्ये झाले.

चंद्रशेखरन यांच्या कार्यपद्धतीचे वैशिष्ट्य असे की, परदेशातील अग्रगण्य गणितज्ञांना काही आठवडे किंवा महिने मुंबईत बोलावून त्यांच्याकडून व्याख्यानमाला करून घ्यावयाची आणि तिची टिपणे विद्यार्थ्यांनी लिहून काढावयाची. ही टिपणे संस्थेतर्फे प्रसिद्ध होत. लोरां श्वार्ट्झ यांनी दिलेल्या संमिश्र वैश्लेषिक बहुपृष्ठांवरील व्याख्यानांची १९५५ ची टिपणे नरसिंहन यांनी तयार केलेली आहेत. टिपणे लिहिताना विद्यार्थ्याला प्रत्येक पायरी स्वतः भरून काढावी लागते. अशा रीतीने वर्गातील श्रवण आणि संशोधन यांच्यातील अंतर कमी होत असे.

१९५७ ते १९६० या काळात शेषाद्री पॅरिसमध्ये होते. तेथे क्लोद शव्हाले, जां-पिएर सेर आणि अलेक्झांडर ग्रोटेंडिक यांच्या कार्याशी त्यांचा निकटचा संबंध आला आणि बैजिक भूमिती हे त्यांचे क्षेत्र निश्चित झाले. १९५८ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. प्रदान केली. त्याच वर्षी त्यांनी सेर यांनी १९५५ मध्ये उपस्थित केलेल्या एका प्रसिद्ध प्रश्नाची दोन चलांची बाजू सोडवली. या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर क्विलन आणि सुस्लिन यांनी स्वतंत्रपणे १९७६ मध्ये दिले. यावरून सव्विसाव्या वर्षी शेषाद्री यांनी हाती घेतलेल्या प्रश्नाची काठिण्यपातळी ध्यानात येते. १९६० मध्ये ते मुंबईस परतले आणि १९८४ पर्यंत याच संस्थेत राहिले.

नरसिंहन–शेषाद्री प्रमेय

शेषाद्री यांचे नाव ज्या प्रमेयाशी कायमचे जोडले गेले ते १९६५ मध्ये 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गणितेतर विषयांच्या वाचकांसाठी त्याचा आशय थोडक्यात मांडणे आवश्यक आहे.

एखाद्या बंद पृष्ठाची कल्पना करू. गोलाला भोक नसते, वडीच्या आकाराच्या पृष्ठाला नसते, परंतु मेदुवड्याच्या पृष्ठाला एक भोक असते. दोन, तीन किंवा अधिक भोकांची पृष्ठेही असू शकतात. अशा पृष्ठावर संमिश्र संख्यांचे गणित करता येत असेल तर त्यास रीमान पृष्ठ म्हणतात. या पृष्ठावर एका बिंदूपासून निघून पुन्हा त्याच बिंदूस येणारे जे फेरे संभवतात, त्यांचा मिळून एक गट तयार होतो. या गटातील प्रत्येक फेऱ्याला एकेक मॅट्रिक्स अशा प्रकारे नेमून देणे की, फेरे जोडले असता मॅट्रिक्सांचा गुणाकार व्हावा, याला त्या गटाचे निरूपण म्हणतात. नेमलेले मॅट्रिक्स लांबी कायम राखणारे असतील तर ते निरूपण युनिटरी होय. हा झाला निरूपण सिद्धांताचा भाग.

भूमितीचा भाग वेगळा आहे. पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूवर एकेक सदिश अवकाश उभे करून ती सर्व अवकाशे सुसंगतपणे एकत्र बांधली असता जी रचना मिळते तिला व्हेक्टर बंडल म्हणतात. प्रत्येक बिंदूवरील अवकाशाची मिती ही त्या बंडलाची कोटी होय. बंडलांचे वर्गीकरण करणे हा भूमितीचा मूलभूत प्रश्न आहे.

कोटी एक असताना या दोन भागांचा संबंध एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात होता. पृष्ठाला 'ग' भोके असतील तर मूलभूत फेरे २ग असतात. प्रत्येक फेऱ्याला वर्तुळावरील एक कोन नेमला की एक युनिटरी निरूपण मिळते. म्हणजे अशी सर्व निरूपणे २ग कोनांनी निश्चित होतात, आणि शून्य डिग्रीची कोटी एकची सर्व बंडले नेमकी याच अवकाशाने वर्गीकृत होतात. कोटी एकापेक्षा अधिक असेल तेव्हा काय, हा प्रश्न आंद्रे वेल यांनी १९३८ मध्ये हाताळला होता. अडचण अशी होती की अधिक कोटीची बंडले फार विविध असतात आणि ती सर्व एकाच सुबक अवकाशात बसवता येत नाहीत.

१९६२ च्या स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत डेव्हिड ममफर्ड यांनी 'स्थिर' बंडलांची संकल्पना मांडली. बंडलात सामावलेले कोणतेही लहान बंडल प्रमाणाबाहेर 'जड' नसेल तर ते स्थिर, असा तिचा स्थूल अर्थ आहे. ही अट शुद्ध बैजिक आहे. तीत फेऱ्यांचा किंवा युनिटरी मॅट्रिक्सांचा उल्लेखही नाही. नरसिंहन आणि शेषाद्री यांनी सिद्ध केले की, दोन किंवा अधिक भोके असलेल्या बंद रीमान पृष्ठावरील शून्य डिग्रीचे बंडल स्थिर असते तेव्हा, आणि तेव्हाच, ते मूलभूत गटाच्या अविभाज्य युनिटरी निरूपणापासून मिळालेले असते. कोटी 'न' असल्यास दोन्ही बाजूंनी मोजलेली संमिश्र मिती न × न × (ग − १) + १ अशी एकच येते. 'न' च्या जागी १ घातल्यास उत्तर 'ग' मिळते, म्हणजे जुना परिणाम यात अंतर्भूत आहे. सिद्धतेचा मार्ग सातत्याच्या तत्त्वावर आधारलेला होता. स्थिर बंडलांच्या सलग कुटुंबात युनिटरी बंडलांचा संच एकाच वेळी खुला आणि बंद आहे असे दाखवले की तो संपूर्ण कुटुंब व्यापतो.

१९६७ च्या निबंधात शेषाद्री यांनी या अवकाशाला आवश्यक ते सीमाबिंदू जोडून ते परिपूर्ण केले. त्यासाठी त्यांनी वापरलेला समतेचा संबंध आज त्यांच्या नावाच्या आद्याक्षराने ओळखला जातो. व्ही. बी. मेहता यांच्यासमवेत १९८० मध्ये त्यांनी या प्रमेयाचा विस्तार, काही बिंदू वगळलेल्या पृष्ठांपर्यंत केला. १९८३ मध्ये सायमन डोनाल्डसन यांनी याच प्रमेयाची विकलक भूमितीच्या आधारे नवी सिद्धता दिली. त्याच वर्षी अतिया आणि बॉट यांनी भौतिकशास्त्रातील यांग–मिल्स समीकरणांशी त्याचा संबंध विशद केला. मुंबईत केवळ गणितांतर्गत जिज्ञासेतून झालेले हे कार्य दोन दशकांनी सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या भाषेचा भाग झाले.

प्रमाण एकपदी सिद्धांत

१९७० नंतर शेषाद्री यांनी व्ही. लक्ष्मीबाई आणि सी. मुसिली या आपल्या विद्यार्थ्यांसह दुसरा दीर्घ संशोधन-प्रकल्प हाती घेतला. तो 'स्टँडर्ड मोनोमियल थिअरी' म्हणजे प्रमाण एकपदी सिद्धांत या नावाने ओळखला जातो. येथे प्रवास उलट दिशेने आहे. पूर्वीच्या प्रमेयात निरूपणांनी भूमितीचे वर्णन केले होते. येथे भूमितीच्या साहाय्याने निरूपणांचे स्पष्ट आधारसंच शोधावयाचे होते.

चौकटींत ठरावीक नियमांनी अंक भरून तयार होणाऱ्या यंग यांच्या कोष्टकांवरून काही निरूपणांचा आधारसंच लिहिता येतो, हे पूर्वीपासून माहीत होते. ब्रिटिश गणितज्ञ हॉज यांनी १९४३ मध्ये ग्रासमान अवकाशांच्या संदर्भात या कोष्टकांचा भौमितिक अर्थ दाखवला होता. शेषाद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत सर्व अभिजात गटांना लागू होईल अशी योजना आखली आणि 'जी बाय पी'ची भूमिती या शीर्षकाच्या लेखमालेत ती टप्प्याटप्प्याने पार पाडली. सर्वसाधारण गटांसाठी लक्ष्मीबाई आणि शेषाद्री यांनी मांडलेली अटकळ पीटर लिट्टेलमान यांनी १९९० च्या दशकात सिद्ध केली. त्यात वापरलेल्या मार्गांना 'लक्ष्मीबाई–शेषाद्री पथ' असे नाव आहे. एका गुरूने अटकळ बांधावी, तिच्या मांडणीत विद्यार्थिनीचा बरोबरीचा वाटा असावा, आणि दोघांची नावे गणिताच्या परिभाषेत एकत्र राहावीत, हे उदाहरण मार्गदर्शक प्राध्यापकांनी लक्षात ठेवावे असे आहे.

चेन्नईतील प्रयोग

१९८४ मध्ये शेषाद्री मद्रासच्या गणितीय विज्ञान संस्थेत गेले. १९८८ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. या टप्प्यावर बहुतेक संशोधक स्थिरावतात. शेषाद्री यांनी मात्र १९८९ मध्ये स्पिक सायन्स फाउंडेशन या उद्योगसमूहाच्या प्रतिष्ठानांतर्गत गणिताचे एक छोटे विद्यालय सुरू केले. तेच पुढे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट झाले.

या संस्थेचे वेगळेपण १९९८ मध्ये स्पष्ट झाले. त्या वर्षी तेथे गणित आणि संगणकशास्त्र या विषयांचा बी. एस्सी. ऑनर्स अभ्यासक्रम सुरू झाला. बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षेद्वारे निवडावयाचे आणि पहिल्या वर्षापासून त्यांना कार्यरत संशोधकांनीच शिकवावयाचे, अशी ही योजना होती. संस्थेस स्वतःची पदवी देण्याचा अधिकार नसल्याने आरंभी पदव्या भोपाळच्या मध्य प्रदेश भोज मुक्त विद्यापीठामार्फत दिल्या जात. अभिमत विद्यापीठाचा दर्जा २००६ मध्ये मिळाला. म्हणजे भारतातील गणिताच्या एका उत्कृष्ट पदवी-अभ्यासक्रमाने आपली पहिली आठ वर्षे दुसऱ्या राज्यातील मुक्त विद्यापीठाच्या आधाराने काढली. प्रचलित चौकटीत संशोधन-संस्थेने पदवीचे वर्ग चालवावेत यासाठी जागाच नव्हती, हे यातून दिसून येते. २००५ मध्ये संस्था सिरुसेरी येथील स्वतःच्या परिसरात गेली. शेषाद्री २०१० पर्यंत तिचे संचालक होते. २००९ मध्ये त्यांना पद्मभूषण सन्मान मिळाला आणि १७ जुलै २०२० रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले.

चर्चा

स्वातंत्र्योत्तर काळात मर्यादित साधने थोड्या ठिकाणी एकवटावीत, या विचाराने संशोधन स्वतंत्र संस्थांकडे सोपवण्यात आले आणि पदवी-शिक्षण महाविद्यालयांकडे राहिले. नरसिंहन–शेषाद्री प्रमेय हे या धोरणाचे निर्विवाद यश होय. १९६० च्या दशकातील कोणत्याही महाविद्यालयात ते कार्य होऊ शकले असते असे म्हणता येणार नाही. १९६८ मध्ये मुंबईत झालेल्या बैजिक भूमितीच्या परिसंवादाला ग्रोटेंडिक आणि ममफर्ड उपस्थित राहतात, हे एकाग्र प्रयत्नांचेच फळ होते.

परंतु या यशाची दुसरी बाजूही आहे. अशा संस्थांना विद्यार्थी महाविद्यालयांतूनच मिळतात. महाविद्यालयात एखादा रासीन असेल तर विद्यार्थी पुढे जातो. नसेल तर त्याची गुणवत्ता कोणाच्या लक्षातही येत नाही. फारकतीच्या व्यवस्थेत रासीन निर्माण होणे योगायोगावर अवलंबून राहते. या व्यवस्थेचे सर्वांत मोठे फळ असलेल्या शेषाद्री यांनीच उत्तरायुष्यातील तीन दशके ती फारकत सांधण्यासाठी वेचली, हा त्यांच्या कारकिर्दीचा ऐतिहासिक अर्थ आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

महाराष्ट्रातही या दिशेने प्रयत्न झाले आहेत. बैजिक भूमितीतील जागतिक कीर्तीचे संशोधक श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. २००६ मध्ये पुण्यात आयसर आणि २००७ मध्ये मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभाग यांचे मूलभूत विज्ञान केंद्र सुरू झाले. या दोन्ही ठिकाणी बारावीनंतरच्या विद्यार्थ्यांना संशोधक शिकवतात. तथापि या सर्व संस्थांची प्रवेशक्षमता लहान आहे. विज्ञानाचे बहुसंख्य विद्यार्थी आजही जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत शिकतात. चेन्नईचा नमुना तेथे जसाच्या तसा नेता येणार नाही. त्यामागे उद्योगाचे आर्थिक पाठबळ, शासकीय अनुदान आणि देशभरातून निवडलेले विद्यार्थी होते, हे मान्य केले पाहिजे.

महाविद्यालयांना प्रत्यक्षात घेता येण्याजोगी गोष्ट रासीन यांच्याकडे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शिक्षकाच्या कार्याचे एपीआय गुणांत मोजमाप सुरू केले. २०१८ मध्ये त्यात बदल झाले, तरी प्रकाशनांची संख्या मोजण्याची सवय टिकून आहे. या मोजपट्टीवर रासीन यांचे मूल्य अल्प ठरले असते. विषयाच्या वर्तमान स्थितीचे ज्ञान, ते वर्गापर्यंत आणण्याची आच आणि पात्र विद्यार्थ्याला योग्य दारापर्यंत पोहोचवण्याची तत्परता या तीन गोष्टींना कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. नरसिंहन–शेषाद्री प्रमेयाच्या पूर्वइतिहासात मात्र त्यांचे स्थान पहिले आहे.

समारोप

प्रा. शेषाद्री यांच्या संशोधनाने निरूपण सिद्धांत आणि भूमिती यांच्यातील एक सखोल संबंध प्रस्थापित केला, आणि त्यांच्या संस्थात्मक कार्याने संशोधन आणि पदवी-शिक्षण यांचा तुटलेला संबंध एका ठिकाणी तरी पुन्हा जोडून दाखवला. पहिल्या कार्याचे मूल्यमापन गणितज्ञांनी केलेले आहे. दुसऱ्याचे मूल्यमापन महाविद्यालयीन शिक्षकांनी करावयाचे आहे, कारण तो प्रश्न त्यांच्या दैनंदिन कार्याचा आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी विद्यार्थी आपल्यासमोर बसलेला असतो, तेव्हा त्याला जिवंत गणिताचे दर्शन घडवणारा शिक्षक भेटतो की नाही, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. शेषाद्री यांना १९५० च्या सुमारास असा शिक्षक लोयोला महाविद्यालयात भेटला होता. १९९८ मध्ये त्यांनी सुरू केलेला अभ्यासक्रम हा त्या ऋणाच्या परतफेडीचाच एक मार्ग होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.